कांदा सोलून झाल्यावर कामगार कायदा

दुपारचे दोन वाजलेत. हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजातला तिसऱ्या वर्षाचा वर्ग. सकाळी सातला बेकरीच्या प्रॅक्टिकलला उभी राहिलेली मुलं एक वाजता हात धुऊन, आपणच भाजलेला पाव आपणच उभ्याउभ्या खाऊन नुकतीच बाकांवर टेकली आहेत. शेफ कोटाला अजून यीस्टचा वास आहे. फळ्यावर विषय लिहिलाय, 'कामाचे तास आणि विश्रांती'. सलग काही तास काम झालं की अर्धा तास विश्रांती मिळणं हा कामगाराचा हक्क आहे, असं सर सांगतात. वर्गातली निम्मी मुलं त्या क्षणी तो हक्क बजावत असतात.

आज दादरला असलेलं 'कॅटरिंग कॉलेज' १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने निघालं, तेव्हा देशापुढचा प्रश्न अन्नटंचाईचा होता. म्हणून त्या संस्थेच्या लांबलचक नावात 'उपयोजित पोषण' आजही टिकून आहे. पुढे पंचतारांकित हॉटेलं आली, त्यांना लागणारी माणसं घडवणारी कॉलेजं पुण्यात, गोव्यात पर्वरीला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. या मुलांना स्वयंपाक, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग या चार पायांवर उभं करायचं, हे आधीपासून ठरलेलं होतं. मनुष्यबळाचा कायदा आणि व्यवसायनीती हे दोन विषय मागाहून आले. लग्नाच्या पंगतीत उशिरा पोचलेल्या पाहुण्यांना मिळते तशी जागा त्यांना वेळापत्रकात मिळाली: दुपारी, शेवटी, पंख्यापासून लांब.

या विषयाला स्वतःचा मास्तर क्वचितच मिळतो. कुठे हॉटेलातून निवृत्त झालेले एचआर मॅनेजर येतात. त्यांना कायदा तोंडपाठ असतो, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. कामगाराचे हक्क ते दहा मिनिटांत उरकतात आणि त्याला चार्जशीट कशी द्यायची हे मात्र दोन तास रंगवून सांगतात. कुठे वकीलसाहेब व्हिजिटिंगला येतात, कोर्टातून थेट, गळ्यातला पांढरा बँड तसाच. त्यांची तारीख लागली की वर्गाला तारीख मिळते. पण मुलांचे खरे लाडके म्हणजे बेकरीचे सर. त्यांचा वर्कलोड आठवड्याला दोन तासांनी कमी पडला म्हणून कायदा त्यांच्या गळ्यात पडलेला असतो. ते प्रॉव्हिडंट फंड समजावतात तो असा: मालकाने बारा टक्के घालायचे, कामगाराने बारा टक्के घालायचे, आणि खमिरासारखं झाकून ठेवायचं, सारखं झाकण उघडून बघितलं की ते फुगत नाही. परीक्षेत निम्मा वर्ग हेच लिहितो आणि पूर्ण गुण मिळवतो. कायद्याच्या पुस्तकातली व्याख्या लिहिणाऱ्यांचं काहीतरी चुकतंच.

व्यवसायनीतीची पंचाईत वेगळी आहे. तिचं भांडण कॉलेजच्याच वेळापत्रकाशी असतं. साडेनऊला फ्रंट ऑफिसच्या मॅडम ओव्हरबुकिंग शिकवतात. बुकिंग करून न येणारे पाहुणे असतातच, म्हणून शंभर खोल्यांना एकशे पाच बुकिंगं घ्यायची. सगळेच आले, तर उरलेल्यांना हसतमुखाने शेजारच्या हॉटेलात पोचवायचं. याला गेस्ट 'वॉक' करणं म्हणतात. प्रत्यक्षात त्याला गाडीने पाठवतात. या सगळ्याचं सूत्र आहे, गणित आहे, गुण आहेत. अकराला फूड अँड बेव्हरेजचे सर अपसेलिंग घेतात. पाहुण्याने पाणी मागितलं की 'स्टिल की स्पार्कलिंग?' एवढंच विचारायचं. 'साधं' हा शब्द आपल्या तोंडून निघता कामा नये. आणि दोनला व्यवसायनीती: ग्राहकाला दिलेला शब्द पाळावा, त्याच्यापासून माहिती लपवू नये. पहिल्या बाकावरची मुलगी विचारते, "सर, मग सकाळचं खरं की दुपारचं?" सर क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, "दोन्ही पेपर वेगवेगळ्या दिवशी आहेत."

पाण्याची बाटली तशीही या वर्गात सारखी येत असते. हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलवाल्यांच्या बाजूने लागला. पाहुणा नुसती बाटली विकत घेऊन चालता होत नाही. तो तिथली बैठक आणि सेवाही घेतो, असं त्यामागचं तर्कशास्त्र. म्हणजे कायद्याने चालतं. "मग प्रश्नच मिटला," असं मुलं म्हणतात, आणि नीतीचे सर सुस्कारा सोडतात, कारण त्यांचा विषय तिथेच सुरू होतो. त्यांच्याकडे दुसरं उदाहरण तयार असतं. जुलै २०१९ मध्ये अभिनेता राहुल बोस याला चंडीगडच्या एका पंचतारांकित हॉटेलात दोन केळ्यांचं ४४२ रुपये ५० पैसे बिल आलं. त्याने त्याचा व्हिडिओ टाकला, देश हसला, आणि कर खात्याने हॉटेलला २५,००० रुपये दंड केला. दंड कशाबद्दल? ताज्या फळांना जीएसटी माफ असताना तो लावला, याबद्दल. किमतीबद्दल कायद्याचं काहीच म्हणणं नव्हतं. वर्गात एखादा विद्यार्थी जळगावकडचा असला तर हा तास फार लांबतो.

सर्व्हिस चार्जची गोष्ट ताजी आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की बिलात तो आपोआप लावू नका. हॉटेल आणि रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि सगळे पुन्हा दहा टक्के लावू लागले. २८ मार्च २०२५ रोजी निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, वर दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा भुर्दंड. संघटनांचा एक युक्तिवाद असा होता की हा पैसा कर्मचाऱ्यांना मिळतो. वर्गात हे वाक्य उच्चारलं की हॉटेलात ट्रेनिंग करून आलेली मुलं एकमेकांकडे बघतात. त्यांना आठवतो तो त्याच पैशातून कापलेला फुटलेल्या ग्लासांचा हिशोब.

टिपेचं मात्र बरं झालं. पाहुण्याने क्रेडिट कार्डावर दिलेली टीप हॉटेल गोळा करतं आणि कर्मचाऱ्यांना वाटतं. मग तो पगार धरून हॉटेलने कर कापायचा का? आयकर खात्याचं म्हणणं 'होय' होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नाही' म्हटलं: टीप देतो पाहुणा, मालक फक्त पोस्टमन. हे प्रकरण आयटीसी कंपनीचं होतं. वेटरच्या ताटलीतल्या नोटेसाठी दिल्लीत एवढे मोठे वकील उभे राहिले, हे ऐकून या धंद्याबद्दल मुलांचा आदर वाढतो. अर्थात स्वतः वेटरने त्या मिळकतीवर कर भरायचा की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि तो घंटा वाजायच्या बेतात असतानाच कोणीतरी विचारतं.

बारविषयीचा तास असला की हजेरी आपोआप भरते. महाराष्ट्रात दारूचा कारभार ज्या कायद्याखाली चालतो त्याचं नाव दारूबंदी कायदा, साल १९४९. प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा पाच रुपयांत, आयुष्यभराचा हजारात. रस्त्यारस्त्यावर दिसणारी 'परमिट रूम' ही पाटी त्यातूनच आली. परमिट कोण बघतं, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. कडक दारूसाठी वय पंचवीस, बिअरसाठी एकवीस. त्यामुळे एकोणीस वर्षांची मुलं कॉकटेल शिकतात ती चहाच्या गाळीव पाण्यावर. रंग व्हिस्कीचा, बाकी सगळं आजीच्या हातचं.

याच वयाच्या मुलांसाठी कायद्याच्या पुस्तकातला एक निकाल खास राखून ठेवावा असा आहे. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात, जो दिल्लीलाही लागू होता, एक कलम असं होतं की जिथे लोक दारू पितात तिथे पंचवीस वर्षांखालच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या बाईला नोकरीला ठेवू नये. हेतू मुलींच्या रक्षणाचा. रक्षण असं, की हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतलेल्या मुलीने बारच्या काउंटरपासून लांबच राहावं. डिसेंबर २००७ मध्ये 'अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द ठरवलं. हॉटेल मॅनेजमेंटने तरुण मुलामुलींना रोजगाराचं एक नवं दालन उघडून दिलंय, याची नोंदही न्यायालयाने घेतली. धोका असेल तर राज्याने बाईला सुरक्षा द्यावी, तिची नोकरी काढून घेऊ नये, असा निकालाचा मथितार्थ. ज्या मुलांना एरवी 'विरुद्ध' हा शब्द फक्त क्रिकेटच्या सामन्यात भेटतो, ती या खटल्याचं नाव विसरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाला आपल्या कोर्सची दखल घ्यावी लागली, हा अभिमान घरी फोन करून सांगण्याजोगाच.

त्याला जोडून आपल्या घरचं उदाहरण येतं. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना राज्याने डान्स बार बंद केले. बंदी सरसकट नव्हती. तीन आणि त्यावरच्या तारांकित हॉटेलांना सूट होती. म्हणजे तोच नाच पनवेलच्या बारमध्ये अनीती आणि जुहूच्या हॉटेलात मनोरंजन. आहार या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने हे न्यायालयात नेलं, उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम करताना या भेदाला उच्चभ्रू म्हटलं. नीतीला किती तारे लागतात, असा प्रश्न व्यवसायनीतीच्या पेपरात अजून आलेला दिसत नाही. यायला हवा.

हॉटेलात हुद्द्यांची भरभराट फार. भांडी घासणारा 'किचन स्ट्युअर्डिंग असोसिएट', सामान उचलणारा 'गेस्ट सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह'. कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापलं की मुलगा आईला फोटो पाठवतो. त्यातला डाव एचआरवाल्यांना ठाऊक असतो. औद्योगिक विवादांतलं कायद्याचं संरक्षण मिळतं ते कामगाराला, मॅनेजरला नाही. मग सगळ्यांनाच थोडंथोडं मॅनेजर केलेलं काय वाईट? पण न्यायालयं कार्ड बघत नाहीत, काम बघतात. पादत्राणं बनवणाऱ्या करोना साहू कंपनीच्या दुकान व्यवस्थापकाचा खटला १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा कसोटी हीच लागली: मुख्य काम कोणतं? त्या गृहस्थांचं काम खरोखरच व्यवस्थापनाचं निघालं आणि ते हरले. पण कसोटी राहिली, आणि ती दिवसाला चारशे प्लेटा घासणाऱ्या असोसिएटच्या फार कामाची आहे.

काम तेच, पण जागा बदलली की हक्क बदलतो, असंही घडून गेलंय. चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात खोल्या होत्या, जेवण होतं, शेकडो नोकर होते. बॉम्बे लेबर युनियनने त्यांचा प्रश्न लावून धरला तेव्हा १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा सभासदांचा क्लब आहे, 'उद्योग' नव्हे. म्हणजे रस्त्यापलीकडच्या हॉटेलात सूप वाढणारा औद्योगिक कामगार, आणि क्लबात तेच सूप वाढणारा मात्र कुणीच नाही. १९७८ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी उद्योगाची व्याख्या इतकी ऐसपैस केली की क्लबसुद्धा त्यात आले. दहा वर्षं सूप मात्र गरमच वाढलं जात होतं.

टपरीवरच्या 'बारक्या'चा विषय वर्गात निघाला की विनोद आवरता घ्यावा लागतो. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात, ढाब्यावर, उपाहारगृहात कामाला ठेवण्यास बंदी आहे. वर्ग हे वहीत उतरवून घेतो आणि सुट्टीत कॉलेजच्या फाटकाबाहेर कटिंग मागवतो. ती आणून देणाऱ्याला त्याचं वय विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

या विषयाच्या मास्तरांवर कायदेमंडळाचा विशेष राग असावा. २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने एकोणतीस केंद्रीय कामगार कायदे गुंडाळून चार संहिता केल्या. पाच वर्षं सर प्रत्येक बॅचला सांगत राहिले, "या संहिता आता कोणत्याही दिवशी लागू होतील, पण परीक्षेला जुनंच लिहा." बॅच पास झाल्या, मुलं क्रूझवर गेली, शेफ झाली, त्यांची लग्नं झाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी संहिता लागू झाल्या. आता प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र बंधनकारक, आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर उभ्या असलेल्या धंद्याला ही मोठीच बातमी आहे. अकराच्या पुढे बारा येतात हे आता तरी कळेल, की करार दहावर येतील, ते बघायचं.

त्याच वर्षी राज्यानेही आपल्या दुकाने व आस्थापना कायद्याला हात घातला. हा कायदा २०१७ चा. त्यातले दिवसाचे नऊ तास दहा झाले, आणि पाच तासांनंतरची विश्रांती सहा तासांनंतर गेली. सरांनी ट्रान्सपरन्सीवर खाडाखोड केली. या कायद्यातलं जे एकच कलम हॉटेलमालकांना झोपेतही आठवतं, ते पाटीचं. २०२२ च्या दुरुस्तीने मराठी पाटी सक्तीची झाली आणि दारू मिळणाऱ्या ठिकाणाला थोर व्यक्तीचं किंवा गडकिल्ल्याचं नाव द्यायला मनाई झाली. त्यावरून मोर्चे निघाले, काचा फुटल्या, बातम्या आल्या. त्याच कायद्यात जादा कामाला दुप्पट दराने मजुरी द्यावी असंही लिहिलंय. त्यासाठी कुणी काच फोडल्याचं ऐकिवात नाही.

आता मूळ दुखण्याकडे. या मुलांना शिकतानाच चार-पाच महिने हॉटेलात प्रत्यक्ष कामाला पाठवतात. इंडस्ट्रियल ट्रेनिंग, मुलं नुसतं 'आयटी' म्हणतात आणि नातेवाइकांचा गैरसमज होऊ देतात. तिथे ट्रेनी पोतंभर कांदा सोलतो, बँक्वेटच्या खुर्च्या वाहतो, ब्रेक शिफ्ट करतो: सकाळी चार तास, दुपारी घरी जाता येणार नाही एवढीच सुट्टी, आणि पुन्हा रात्री बारापर्यंत. सुटायची वेळ रोस्टरवर असते. पण सुटका बँक्वेट आटपल्यावर. तक्रार करावी, तर लॉग बुकवर सही हवी ती त्याच विभागप्रमुखाची. सही नाही तर ट्रेनिंग नाही, ट्रेनिंग नाही तर पदवी नाही. अनेक कॉलेजांत कामगार कायद्याचा धडा येतो तो ही मुलं परत आल्यावर. पोहून आलेल्याला काठावर बसवून पोहण्याचे नियम सांगण्यातला हा प्रकार. म्हणून तर ती झोपतात. त्यांना कळत नाही असं नाही. उशिरा कळतंय एवढंच.

यातलं सगळ्यात गंभीर कलम लैंगिक छळाचं. भंवरीदेवीच्या प्रकरणानंतर १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, आणि कायदा व्हायला २०१३ उजाडलं. पाहुणा म्हणजे देव, हे मुलांना पहिल्या वर्षापासून घोकवलेलं असतं. पण खोली आवरायला गेलेल्या ट्रेनी मुलीशी देवच वाईट वागला तर? २०१३ च्या कायद्यात त्याचं उत्तर आहे. कामाच्या ठिकाणी ज्यांच्याशी संबंध येतो त्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि ट्रेनी हीसुद्धा या कायद्यापुरती कर्मचारीच आहे. स्टायपेंडच्या वेळी 'तुम्ही शिकायला आलात' असं ऐकवणाऱ्यांनी हे कलम वाचलेलं बरं. आता हिशोब करा: घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. समितीला कारण पटलं, तर आणखी तीन महिने मिळतात. ट्रेनिंग चार-पाच महिन्यांचं. पहिल्या आठवड्यात घडलेल्या गोष्टीची मूळ मुदत मुलगी अजून तिथेच ट्रॉलीवर चादरी रचत असताना संपते, आणि ही मुदत आहे हे तिला कॉलेजात कळतं पुढच्या वर्षी, दुपारी दोनला.

अभ्यास मंडळांनी बाकीचा अभ्यासक्रम खुशाल आहे तसा ठेवावा. कामगार कायद्याचे एवढे चार तास ट्रेनिंगच्या आधी घ्यावेत. त्याला नवा प्राध्यापक लागत नाही, बेकरीचे सर पुरे आहेत. आणि ज्यांच्या घरातलं पोर या वर्षी चाकूंचा संच आणि काळे बूट घेऊन मुंबईला किंवा गोव्याला निघालंय, त्यांनी पहिल्या आठवड्यातल्या फोनवर 'जेवलास का' याच्या जोडीने तीन गोष्टी विचाराव्यात: पत्र लेखी मिळालं का, वीकली ऑफ कोणता, आणि अंतर्गत समितीवर कोण आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक हॉटेलात ही समिती लागतेच, तिची अध्यक्ष बाईच असते, आणि समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल अशा जागी लावणं मालकाला बंधनकारक आहे. टाइम ऑफिसजवळचा नोटीस बोर्ड आधी बघावा.